सॅटेलाइट डेटावरून सह्याद्रीतल्या जंगलाची उत्पादकता माणसामुळे किती घटली हे काढता येतं का?

हो, काढता येतं, पण थेट मोजमाप नसतं ते, तुलना करून काढलेला अंदाज असतो. सॅटेलाइटला दिसतो फक्त परावर्तित प्रकाश, त्यावरून पानांनी किती ऊन शोषलं ते कळतं आणि त्यात तापमान, हवेचा कोरडेपणा वगैरे घालून झाडांनी वर्षभरात किती कार्बन साठवला (हीच उत्पादकता) ते मॉडेलने काढतात. मोडिसचा (नासाच्या सॅटेलाइटवरचा सेन्सर) असा डेटा २००० पासून फुकट मिळतो, ५०० मीटरच्या पिक्सेलमध्ये (म्हणजे चित्राचा एक ठिपका जमिनीवर ५०० मीटरचा चौकोन). मग तेवढाच पाऊस, तीच उंची, तीच माती असलेली राखलेली जंगलं (जुनी देवराई चालेल, पण ती पिक्सेलपेक्षा लहान असली तर १० मीटरचा सेंटिनेल-२ (युरोपचा सॅटेलाइट) घ्या, त्यात मात्र कार्बन नाही, हिरवेपणाच मिळेल) आणि तोड झालेला भाग यांची अनेक वर्षांची तुलना करायची, म्हणजे कमी पावसाच्या वर्षाचा दोष माणसावर जात नाही.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा, हिरवं दिसलं म्हणजे जंगल शाबूत असं अजिबात नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे जंगल तोडून रबर लावलंय, ते वरून बऱ्यापैकी हिरवंच दिसतं, आणि मोडिसने रबर आणि जंगल एकाच वर्गात टाकलं तर हिशोबही दोघांचा एकाच सूत्राने होतो, नुकसान आकड्यात येतच नाही. शिवाय दाट जंगलात एनडीव्हीआय (सॅटेलाइटवरून काढलेला हिरवेपणाचा आकडा) एका मर्यादेनंतर वाढतच नाही. जून ते सप्टेंबर ढगच असतात, त्यामुळे ऑक्टोबर ते मे ची चित्रं घ्या, रबराची पानगळ जानेवारीच्या आसपास होते तेव्हा ते सदाहरित जंगलापासून वेगळं ओळखू येतं.