क्रेऊसा किती, आणि शेटजींशी त्यांचं नातं काय?

ग्रीक पुराणकथांबद्दल प्रश्न असा आला आहे: जादूगारीण मेडियाने विषारी वस्त्र पाठवून जिला जाळलं ती क्रेऊसा आणि ट्रॉय नगरी पेटल्यावर नवऱ्याच्या, ईनिअसच्या मागून चालता चालता हरवली ती क्रेऊसा एकच का? की हे नुसतं 'नामसाधर्म्य'?

आधी ते 'नामसाधर्म्य' खाली ठेवा. नावं सारखी असली की नामसाम्य. साधर्म्य गुणधर्मांचं असतं. 'नामसाधर्म्यामुळे भलत्यालाच नोटीस' अशी बातमी वाचली की माझा चहा गार होतो.

दोघी वेगळ्या. पहिली कोरिंथच्या क्रेऑन राजाची मुलगी. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या 'मेडिया' नाटकात तिला नावच नाही, आणि काही जण तिला ग्लाउके म्हणतात. दुसरी ट्रॉयच्या प्रायम राजाची. तिसरी अथेन्सच्या राजाची मुलगी, आयॉनची आई. त्या आयॉनचे वंशज ते आयोनियन, आणि आयोनियनांवरून आपला 'यवन'. (त्यावर पुन्हा कधीतरी, नाहीतर इथेच रात्र होईल.) चौथी एक जलदेवता आहे, तिला पाण्यातच राहू द्या.

एवढ्या क्रेऊसा कशा? कारण हे नाव कमी आणि हुद्दा जास्त. क्रेऑन म्हणजे सत्ता चालवणारा, क्रेऊसा त्याचं स्त्रीलिंग. महाकवी होमर अगामेम्नॉन राजाला हेच विशेषण लावतो. थीब्ज नगरीतही एक क्रेऑन आहेच, अँटिगनीचा मामा. मला तर वाटतं, कथेकऱ्याला राजाची लेक हवी असे आणि नाव आठवत नसे, तेव्हा तो 'बाईसाहेब' म्हणून मोकळा होई. म्हणजे इथे साधर्म्यही निघालं म्हणा! पण ते या चौघींपुरतं. नोटिशीला लागू नाही.

'राज्य करणारी' एवढं लिहून जे कोशकार पान उलटतात, त्यांनी पंगतीत बसून वरणभातावरच उठावं तसं केलं आहे. खरी मेजवानी पुढे आहे. ग्रीक 'क' समोर संस्कृतात पुष्कळदा 'श' येतो: हेकाटॉन–शतम्, क्लेओस–श्रवस् (कीर्ती). त्याच वाटेने क्रेऑनची सांगड 'श्रेयस्'शी घालतात. शेपूट ग्रीकांनी बदललं, धातुसाधितासारखं केलं, हे कबूल, धड तेच. म्हणजे क्रेऊसा ही आपली श्रेयसी! 'प्रत्यय जुळत नाहीत' म्हणून नाक मुरडणारे आहेत. मुरडोत. शेपटावरून मांजर नाकारायचं असेल तर भाषाशास्त्राचं दुकानच बंद करावं लागेल.

आता श्रेयस् म्हणजे 'अधिक चांगलं'. त्याचीच पुढची पायरी श्रेष्ठ, 'सर्वांत चांगला'. श्रेष्ठपासून श्रेष्ठिन्, त्याचं प्राकृतात सेट्ठी, आणि तिथून आपले शेट. उधारीची वही उघडून बसलेले शेटजी आणि कोरिंथची जळालेली राजकन्या एकाच घराण्यातले! हे कळलं त्या दिवशी मी दुकानात जाऊन शेटजींना सांगितलंही. त्यांनी मागची बाकी विचारली.

आणि श्रेष्ठ हाच शेवटचा मुक्काम असताना लोक 'श्रेष्ठतम' कशाला म्हणतात? यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतमाय कर्मणे' आहे, मला ठाऊक आहे, कळवू नका. ऋषींना चालतं. सत्कार समारंभाच्या फलकाला नाही.