साहेबांचा पगार आमच्या शेकडो पट कसा? ते खरंच तितकं जास्त काम करतात का?

तुम्ही लिहिलंय की ‘परिस्थिती कठीण आहे’ असं सांगून यंदा तुमच्या विभागाची पगारवाढ तीन टक्क्यांवर रोखली, आणि महिन्याभराने वार्षिक अहवाल उघडला तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा मोबदला एक तृतीयांशाने वाढलेला दिसला. यात कामाचा भाग किती आणि बाकी काय, असं तुम्ही विचारलंय.

मी चौदा वर्षं पगाराच्याच खात्यात काढली. आधी पेरोल, मग वेतनरचना. त्या अनुभवावरून सांगते, तो आकडा कामाच्या मोजमापातून येतच नाही. खालचा पगार आणि वरचा पगार एकाच इमारतीत ठरतात, पण दोन वेगळ्या टेबलांवर आणि दोन वेगळे प्रश्न विचारून. तुमच्या पगाराबद्दलचा प्रश्न असतो, “किती कमीत भागेल?” साहेबांच्या पगाराबद्दलचा प्रश्न असतो, “इतर कंपन्यांपेक्षा आपण कमी तर देत नाही ना?” वर्षानुवर्षं हेच दोन प्रश्न विचारत राहिलं की तफावत वाढणारच. त्यासाठी कुणी कटकारस्थान करायची गरज पडत नाही.

खालचं टेबल आधी सांगते, कारण त्यावर मी स्वतः बसले आहे. दरवर्षी वित्त विभागाकडून आम्हाला एक टक्का कळवला जायचा. एकूण पगारखर्च त्याच्यावर जाता कामा नये. त्या वेळी मूल्यमापनाचे फॉर्म भरलेलेसुद्धा नसायचे. कोणी कसं काम केलं हे नंतर, वाढ किती हे आधी. मग एक्सेलमध्ये प्रत्येक रेटिंगपुढे एक टक्का टाकायचा आणि बेरीज पाहायची. बेरीज मर्यादेबाहेर गेली की फाइल विभागप्रमुखांकडे परत: तुमच्याकडे ‘चार’ जास्त झालेत, काहींचे ‘तीन’ करा. एकदा एका टीम लीडचा फोन आला. “मॅडम, या दोघींनी वर्षभर सारखंच राबून काम केलंय. कोणाचं कमी करू?” मी म्हणाले, “जी सोडून जाणार नाही तिचं.” पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो “बरं” म्हणाला. मी त्याला चुकीचं काही सांगितलं नव्हतं, पद्धत तीच होती. पण ते वाक्य माझ्या तोंडचं आहे आणि ते आजही मला टोचतं. जिच्या घरच्या अडचणी जास्त, जिला नोकरी बदलणं शक्य नाही, तिची वाढ कमी.

वरच्या टेबलाला रेम्युनरेशन कमिटी म्हणतात. संचालक मंडळातले तीन-चार जण, बरेचदा स्वतःच दुसऱ्या कंपन्यांचे आजी-माजी वरिष्ठ अधिकारी. त्यांच्यासाठी बाहेरची सल्लागार संस्था अहवाल करते आणि त्यातली आकडेमोड आमच्यासारख्यांकडून तपासून घेते. अहवालात ‘पीअर ग्रुप’ असतो, म्हणजे तुलनेसाठी निवडलेल्या पंधरा-वीस कंपन्या. त्या निवडतानाच आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या कंपन्या आत घेतल्या जातात, कारण ‘उद्या आपण तिथे पोचणार आहोत’. मग एक तक्ता. सगळ्या कंपन्यांचे खांब राखाडी रंगात, आपला निळा. निळा खांब मधल्या रेषेच्या खाली दिसला की सगळ्यांची नजर तिथेच जाते. आपला माणूस सरासरीपेक्षा कमी आहे असं कोणतं संचालक मंडळ म्हणेल? तसं म्हणायचं तर त्याला नेमला कशाला, हा प्रश्न त्यांच्यावरच उलटतो. त्यामुळे मोबदला मध्याच्या वर नेऊन ठेवायचा असं ठरतं. पण शेजारच्या कंपनीतही त्याच महिन्यात तेच ठरतंय, आणि त्यांच्या तक्त्यातला एक राखाडी खांब आपला आहे. सगळेच मध्याच्या वर जाऊ लागले की पुढच्या वर्षी मध्यच वर सरकलेला असतो.

या गणिताचा परिणाम सगळ्यात जास्त काळ मोजला गेलाय तो अमेरिकेत. तिथली इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ही संस्था ३५० सर्वांत मोठ्या कंपन्यांचा हिशेब ठेवते. १९६५ मध्ये मुख्य अधिकाऱ्याचा मोबदला सर्वसाधारण कामगाराच्या सुमारे २१ पट होता, २०२३ मध्ये तो २९० पट होता. १९७८ ते २०२३ या काळात महागाई वजा करून मुख्य अधिकाऱ्यांचा मोबदला १,०८५ टक्क्यांनी वाढला आणि कामगारांचा २४ टक्क्यांनी. पंचेचाळीस वर्षांत चोवीस टक्के. १९६५ मधले साहेब काही आळशी नव्हते, आणि माणसाच्या दिवसाचे तास तेव्हाही चोवीसच होते.

मग मधल्या काळात बदललं काय? मुख्यतः मोबदला कशात द्यायचा हे बदललं. १९८२ साली अमेरिकेत शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी रोखे आयोगाने ‘१०ब-१८’ हा नियम केला. त्यामुळे ठरावीक मर्यादा पाळून कंपन्या स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेऊ शकतात आणि भावात फेरफार केल्याचा ठपका त्यांच्यावर येत नाही. यालाच बायबॅक म्हणतात. मग १९९३ साली साहेबांच्या पगाराला लगाम घालण्यासाठी कर कायद्यात एक तरतूद आली: बड्या अधिकाऱ्याला दिलेल्या रकमेपैकी १० लाख डॉलरपर्यंतचीच रक्कम कंपनीला खर्च म्हणून नफ्यातून वजा करता येईल. हेतू चांगला होता. पण ‘कामगिरीशी जोडलेला’ मोबदला या मर्यादेतून वगळला, आणि शेअर ऑप्शन त्यात बसत होते. ऑप्शन म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क. भाव चढला तर वरचा सगळा फरक तुमचा, पडला तर हक्क वापरायचा नाही, पदरचं काही जात नाही. साहजिकच मोबदला ऑप्शनकडे वळला. ही सूट २०१७ मध्ये रद्द झाली, तोवर चोवीस वर्षं उलटली होती आणि सवय जगभर पसरली होती.

इथे तुमच्या आणि त्यांच्या पगाराचा खरा धागा जुळतो. ज्याचा मोबदला शेअरच्या भावावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने तुमची वाढ हा खर्च आहे. खर्च कमी दिसला की नफा जास्त दिसतो, भाव चढतो. उरलेल्या पैशातून बायबॅक केला की शेअरांची संख्या घटते आणि प्रत्येक शेअरमागचा नफा आणखी वाढलेला दिसतो. तुमचे तीन टक्के आणि त्यांची एक तृतीयांश वाढ या दोन सुट्या बातम्या नाहीत. पहिलीचा हातभार दुसरीला लागतो.

एक आक्षेप मी प्रामाणिकपणे मान्य करते, कारण तो नेहमी पुढे येतो. लाखभर कर्मचाऱ्यांच्या कंपनीत साहेबांचा सगळा मोबदला काढून वाटला तरी प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडं येईल. खरं आहे. पण म्हणून तो आकडा बिनमहत्त्वाचा ठरत नाही. तो कशासाठी दिला जातो, त्यावरून हजारो माणसांबद्दलचे निर्णय कोणत्या दिशेने होणार हे ठरतं.

दुसरा आक्षेप कर्तबगारीचा. कंपन्या अवाढव्य झाल्या, मोठ्या कंपनीत एका चुकीची किंमत मोठी, म्हणून उत्तम माणसाला जास्त द्यावं लागतं. झेवियर गाबे आणि ऑगस्टँ लांदिए या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हे गणिताने मांडलं: १९८० ते २००३ या काळात अमेरिकी मुख्य अधिकाऱ्यांचा मोबदला सहापट झाला, कारण मोठ्या कंपन्यांचं बाजारमूल्यही सहापट झालं. या बाजूचा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. पण त्याच निबंधातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. क्रमवारीतल्या २५० व्या अधिकाऱ्याच्या जागी पहिल्या क्रमांकाचा अधिकारी बसवला, तर कंपनीचं मूल्य वाढतं फक्त ०.०१६ टक्के. म्हणजे पैसा वाढला तो मुख्यतः आकारामुळे, माणसामाणसातल्या फरकामुळे नाही. आणि तो आकार तर तुम्ही सगळ्यांनी मिळून वाढवलाय. मेरियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लइनाथन यांनी २००१ मध्ये तेल कंपन्या तपासल्या होत्या. जगात तेलाचे भाव वाढले की या कंपन्यांच्या मुख्य अधिकाऱ्यांचा मोबदलाही वाढत होता. तेलाचा जागतिक भाव काही त्यांनी वाढवलेला नव्हता.

आता अशा एका गोष्टीबद्दल लिहिते, जी अहवालातल्या कोणत्याच गुणोत्तरात दिसत नाही. आमच्या मजल्यावर सकाळी सात वाजता एक मावशी यायच्या. माझं टेबल त्या पुसायच्या, माझा कप त्या धुवायच्या. वर्षानुवर्षं. त्यांचं नाव आमच्या पगारपत्रकात नव्हतं. त्यांचा पगार ‘हाउसकीपिंग सेवा शुल्क’ या खात्यात यायचा, छपाई आणि स्टेशनरीच्या खालच्या ओळीत. त्या कंत्राटदाराच्या होत्या. पूर्वी अशी कामं करणारी माणसं कंपनीची असायची, कंपनीत वाढ झाली की त्यांनाही थोडी मिळायची. एकदा कामच बाहेर दिलं की त्यांचा पगार हा निविदेतला दर होतो, आणि सगळ्यात कमी दराची निविदा जिंकते. अमेरिकेत २०१८ पासून कंपन्यांना मुख्य अधिकारी आणि ‘मधला’ कर्मचारी यांच्या पगाराचं गुणोत्तर जाहीर करावं लागतं. मधला म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर बरोबर मध्ये येईल तो. पण बाहेरच्या कंत्राटदाराची माणसं त्या रांगेत धरत नाहीत. म्हणजे सगळ्यात कमी पगाराचं काम बाहेर दिलं की गुणोत्तर आपोआप सुधारलेलं दिसतं आणि मावशींच्या हातात एक पैसा जास्त पडत नाही. कंपनीने जाहीर केलेलं असं गुणोत्तर वाचाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

लोकांना ही तफावत हवी आहे असंही नाही. २०१४ मध्ये सोरापॉप कियाटपोंगसान आणि मायकल नॉर्टन यांनी ४० देशांतल्या लोकांची उत्तरं तपासली. साहेब आणि अकुशल कामगार यांच्यात किती पट फरक असावा, याचं मधलं उत्तर होतं ४.६ पट. प्रत्यक्षात किती असेल असं वाटतं, तर १० पट. खरा आकडा लोकांच्या कल्पनेतही नव्हता. व्यवस्थापनशास्त्रातलं मोठं नाव असलेले पीटर ड्रकर हेसुद्धा २० पटीच्या आसपासची मर्यादा सुचवत होते, आणि ते काही कामगार पुढारी नव्हते.

उपाय लोकांनी करून पाहिलेत. स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या मोंद्रागोन सहकारी समूहात मालक कामगारच आहेत, तिथे वरच्या आणि खालच्या पगारातला फरक साधारण सहा पटींच्या आसपास ठेवतात. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने १०० पटींहून जास्त फरक असलेल्या कंपन्यांवर जादा कर लावला. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ साली १२ पटींच्या मर्यादेवर सार्वमत झालं, सुमारे ६५ टक्के लोकांनी ती नाकारली. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांवर कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात, म्हणजे वरिष्ठ अधिकारी नेमणाऱ्या आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या मंडळात, निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना असतात. माझा कौल या शेवटच्या उपायाला. पटीची मर्यादा घातली तर कंपनी काम बाहेर देऊन ती पाळू शकते. पण ज्या खोलीत तो निळा खांब दाखवला जातो, तिथे खालच्या मजल्यावरचं कुणीतरी बसलेलं असलं की निदान “आणि आमचा खांब कुठाय?” हे विचारता येतं.

तुमच्या हातात आज काय आहे? कंपनी भारतात शेअर बाजारात नोंदलेली असेल तर संचालकांच्या अहवालाची परिशिष्टं उघडा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७ प्रमाणे तिथे प्रत्येक संचालकाचा मोबदला मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे ते द्यावं लागतं. कायम कर्मचाऱ्यांची संख्याही असते, आणि साहेबांची वाढ बाकीच्यांच्या वाढीशी ताडून तिचं समर्थनही लिहावं लागतं. ते समर्थन शब्द न् शब्द वाचा. कायम कर्मचाऱ्यांचा आकडा, दारातून रोज आत येणाऱ्या माणसांच्या संख्येशी ताडून पाहा.

आणि पुढच्या बैठकीत एकट्याने नाही, चार-पाच जणांनी मिळून एवढंच विचारा: “आमच्या पगाराची तुलना कोणत्या कंपन्यांशी केली होती?” चौदा वर्षांत हे मला एकानेही विचारलं नाही. खालच्या पदांचाही बाजारभाव दाखवणारा सर्व्हे आम्ही दरवर्षी पैसे मोजून घ्यायचो. तो माझ्या कॉम्प्युटरवरच असायचा. आम्ही तो उघडायचो फक्त नवी भरती करताना, म्हणजे नव्या माणसाला किती द्यावं लागेल हे पाहायला. आधीपासून आत असलेल्यांसाठी तो कधी उघडला नाही.