जपानचं जुनं आणि नवं रूप दोन्ही बघायचं असेल तर ग्रुप टूर चालेल का?

चालेल, पण कार्यक्रमपत्रिका बारकाईने वाचा. टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका हा ठरलेला रस्ता सगळेच नेतात. फरक पडतो तो कुठे किती वेळ थांबतात त्याने.

क्योतोचं फुशिमी इनारी देऊळ घ्या. हजारो केशरी तोरी कमानी डोंगरभर चढत जातात. खालून फोटो काढून बस पकडायची असेल तर काय उपयोग? सकाळी सातच्या आत पोचून निदान अर्धा डोंगर चढू देणारी टूर निवडा. देऊळ रात्रंदिवस उघडं असतं.

टोकियोत असाकुसा भागातलं सेन्सोजी देऊळ दाखवतातच. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. तिथला कांगितेन म्हणजे आपल्या गणपतीचंच जपानी रूप. नैवेद्याला मोदक नाही, चक्क पांढरा मुळा! हे सहसा यादीत नसतं, गाइडला आधीच सांगून ठेवा. नवं जपान म्हणजे टोकियोतलेच अकिहाबारा, शिबुया हे गजबजलेले भाग. तिथे गाइड नसला तरी काही अडत नाही.

शाकाहारी असाल तर मात्र गाइड हवाच. साध्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही बहुधा दाशी (सूपचं मूळ सार) असते, आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाची. ‘मांस नको’ म्हटल्याने मासा टळत नाही.

आणि हो, ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या स्नानगृहात, बहुतेक ठिकाणी कपड्यांशिवायच उतरावं लागतं. बायका-पुरुषांची सोय सहसा वेगळी असते, पण सासूबाई सोबत असतील तर आधी कल्पना द्या.