सेरोटोनिनमुळे शरीराचं घड्याळ बदलतं का?

तुम्ही विचारलंय : भाऊ हर्णैला ट्रॉलरवर खलाशी आहे, रात्र समुद्रात जाते, दिवसा घरी झोप लागत नाही. उदासपणासाठी डॉक्टरांनी सेरोटोनिन वाढवणारी गोळी सुरू केलीय. तिने झोपेचं घड्याळ बदलेल का?

सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन. त्याचा घड्याळावर परिणाम होतो, हे नक्की. पण ते झोपेचं औषध नव्हे. मी रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकवते, आणि हा गैरसमज मला सतत भेटतो.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूखाली एकमेकींना जिथे छेदतात, त्याच्या लगेच वर सुप्राकायझमॅटिक केंद्रक (मेंदूपेशींचा छोटा पुंजका) असतं. उंदरात ते जेमतेम २०,००० पेशींचं. सस्तन प्राण्यांचं मुख्य घड्याळ हेच. माणसात त्याचा फेरा २४ तासांहून किंचित मोठा असतो, म्हणून ते रोज जुळवून घ्यावं लागतं आणि ते काम प्रामुख्याने उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यातल्या मेलॅनोप्सिन असलेल्या पेशी ग्लुटामेट हे निरोपाचं रसायन सोडून घड्याळाला उजेडाची खबर देतात.

सेरोटोनिन इथे मध्ये येतं. मेंदूच्या मधल्या भागातल्या राफे पेशींचे तंतू थेट या घड्याळात उतरतात. उजेडाची खबर आणणाऱ्या तंतूंच्या टोकांवर सेरोटोनिनचे ग्राहक (त्याचा निरोप टिपणारे रेणू) असतात. ते जागे झाले की ग्लुटामेट कमी सुटतं. खारबंधाऱ्याच्या झडपेने भरतीचं पाणी अडवावं, तसंच हे. म्हणून हॅम्स्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याला या ग्राहकांना चेतवणारं औषध दिलं, तर तेवढ्याच उजेडाने त्याचं घड्याळ कमी सरकतं.

दुसरं काम मला त्याहून विलक्षण वाटतं. राफे पेशी जागेपणी जास्त काम करतात, गाढ झोपेत मंदावतात. म्हणजे शरीर जागं आहे, हालचाल करतंय, ही बातमीही घड्याळापर्यंत जाते. दिवसा, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी, हॅम्स्टरला चाकावर पळवलं तर उजेडाशिवायही त्याचं घड्याळ पुढे सरकतं. यात न्यूरोपेप्टाइड वाय या रसायनाचा मोठा वाटा आहे, सेरोटोनिन एकटं नाही. पण उंदराच्या मेंदूतून हे केंद्रक कापून बशीत जिवंत ठेवलं आणि दिवसाच्या वेळी त्यावर सेरोटोनिनसारखं औषध टाकलं, तर तेही पुढे सरकतं. तिथे ना डोळे असतात, ना पाय!

मात्र हे प्राणी निशाचर आहेत, त्यामुळे त्यांचा निष्कर्ष जसाच्या तसा भावाला लावू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिटालोप्राम या सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळीच्या एकाच मात्रेनंतर माणसांत उजेडाने मेलाटोनिन हे रात्री वाढणारं संप्रेरक अधिकच दबलं. म्हणजे अशा गोळीने घड्याळ उजेडाला जास्त हळवं होऊ शकतं. केळी खाऊन सेरोटोनिन वाढवा, हा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. केळ्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही.

भाऊ पहाटे बंदरावर उतरून लिलाव संपेपर्यंत उन्हात थांबत असेल, तर तेच ऊन त्याच्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याचं सांगतं. घरी येताना काळा चष्मा आणि झोपायच्या खोलीला जाड पडदा, एवढं तरी करून पाहा. गोळी मनाने बंद करू नका. आणि डॉक्टरांनी ‘सकाळी घ्या’ म्हटलं असेल, तर भावाची सकाळ संध्याकाळी होते हे त्यांना सांगा. त्याचा झोपेचा आणि कामाचा वेळ कागदावर लिहून न्या, म्हणजे गोळीची वेळ त्याप्रमाणे ठरवता येईल.