छेदातला ‘आय’ कसा घालवायचा?

प्रश्न: (५ + २आय) ÷ (३ − ४आय) या उदाहरणात अंश-छेदाला आयने गुणलं, तर छेदात ४ + ३आय आलं. मग ३ + ४आयने गुणलं, तर छेद ९ − १६ = −७ आला. पुस्तकातल्या उत्तरात छेद २५ आहे. कुठे चुकतंय?
— अकरावीची विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे

उत्तर: तुझी दुसरी रीत बरोबर आहे, चिन्ह तेवढं चुकलं. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र वापरताना दुसरं पद ४ नव्हे, ४आय आहे. आय म्हणजे −१चं वर्गमूळ, म्हणून आय² = −१. त्याचा वर्ग १६आय², म्हणजे −१६. म्हणून छेद ९ − (−१६) = २५.

अंशात चारही गुणाकार सुटे लिही: १५ + २०आय + ६आय + ८आय². शेवटचं पद −८ होतं, म्हणून ७ + २६आय. उत्तर ७/२५ + (२६/२५)आय. २५ने दोन्ही पदांना भागायचं. घाईत पुष्कळ जण एकालाच भागतात. ताळा करायचा तर उत्तराला ३ − ४आयने गुण, ५ + २आय परत मिळायला हवं.

नुसत्या आयने गुणून वास्तव (आय नसलेल्या) आणि काल्पनिक (आय असलेल्या) भागांतल्या संख्यांची अदलाबदल होते, आय जात नाही. छेदात फक्त २आय असेल तेव्हा मात्र तेच पुरतं: ७/(२आय) = −(७/२)आय.

नववीत १/(३ − √२) साठी अनुबद्ध जोडी, म्हणजे ३ + √२, घेतली होतीस, तीच ही युक्ती. फरक इतकाच की इथे वर्गांची बेरीज होते. त्यामुळे संयुग्मीने (फक्त आयच्या पदाचं चिन्ह बदललेल्या संख्येने) गुणून छेद ऋण आला, तर पुढे जाऊच नकोस, चूक तिथेच आहे. छेद २आय − ५ असा उलटा दिला असेल तर आधी −५ + २आय लिही आणि चिन्ह फक्त आयच्या पदाचं बदल. २आय + ५ने गुणलंस तरी आय जातो, पण छेद −२९ येतो आणि ते उणे चिन्ह शेवटपर्यंत सांभाळावं लागतं.

प्रश्न: २३० व्होल्ट, इम्पिडन्स (एसी सर्किटमधला एकूण विरोध) ३० + जे४० ओहम. माझा करंट २.७६ − जे३.६८ आला, मित्राचा ४.६ अँपिअर. बरोबर कोणाचा?
— इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा विद्यार्थी, भोसरी

उत्तर: दोघांचाही. जे म्हणजे आयच. इलेक्ट्रिकलमध्ये आय हे अक्षर करंटसाठी वापरतात म्हणून जे घेतात. २३० × (३० − जे४०) ÷ २५०० (३० आणि ४० यांच्या वर्गांची बेरीज) केलं की तुमचं उत्तर येतं. २.७६ आणि ३.६८ यांच्या वर्गांची बेरीज २१.१६, तिचं वर्गमूळ ४.६, म्हणजे त्याच करंटचं नुसतं मान, ते मित्राचं उत्तर. अँमीटर हाच आकडा दाखवेल. पॉवर फॅक्टर (करंटचा किती भाग व्होल्टेजच्या तालात आहे ते) मात्र तुमच्या रूपातून लगेच निघतो: २.७६ ÷ ४.६ = ०.६, आणि जेच्या पदाचं चिन्ह उणे म्हणून लॅगिंग, म्हणजे करंट व्होल्टेजच्या मागे.