लेकुरवाळ्या आईचं नर्सिंग: वेळापत्रक तापाच्या दिवसाचं करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोरला चार वर्षांचा, धाकटी दहा महिन्यांची आणि अजून अंगावर पिणारी, मिस्टरांची पाळीची नोकरी, आणि दोन महिन्यांनी नर्सिंगचं पहिलं वर्ष सुरू. प्रवेश आता घ्यावा की धाकटी शाळेत जाईपर्यंत थांबावं, आणि घेतलाच तर अभ्यास कधी करायचा, असं तुम्ही विचारलंय. मी प्रवेश घेतला तेव्हा माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता आणि मुलगी अकरा महिन्यांची. आता वॉर्डात काम करून नऊ वर्षं झाली. पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणाला, येणाऱ्या विद्यार्थिनी माझ्या हाताखाली असतात. त्यांतल्या लेकुरवाळ्या कुठे अडतात ते जवळून बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

अभ्यास झेपला नाही म्हणून सोडून गेलेली मुलगी मी फारशी पाहिली नाही. घोडं अडतं ते सकाळच्या पोस्टिंगला. थिअरीचा तास बुडाला तर मैत्रिणीची वही मिळते. पोस्टिंगचे तास बुडाले की बहुतेक ठिकाणी तेवढेच तास वॉर्डात उभं राहून भरून द्यावे लागतात. म्हणून वेळापत्रक मांडायला बसाल तेव्हा सगळं सुरळीत चाललेल्या दिवसाचं मांडू नका. पहाटे साडेपाचला धाकटीच्या कपाळाला हात लावला, अंग चांगलंच तापलंय, मिस्टर रात्रपाळीहून अजून परतले नाहीत आणि सात वाजता हँडओव्हरला, म्हणजे रात्रपाळीकडून रुग्णांची माहिती घ्यायला, हजर व्हायचंय, त्या दिवसाचं मांडा. बाकीचे दिवस आपोआप निभतात.

माझं पहिल्या वर्षी हेच चुकलं. भिंतीवर छान रंगीत तक्ता लावला होता, पाच ते सहा अमुक, सहा ते सात तमुक. तिसऱ्याच आठवड्यात निघता निघता मुलीने माझ्या खांद्यावर उलटी केली. दुसरा युनिफॉर्म भिजत घातलेला. मुलगी कडेवर, बॅग पायाशी, मी दारातच उभी. शेजारच्या काकूंना हाक मारायची तर जीभ रेटेना, कारण आदल्या दिवसापर्यंत या बाबतीत त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवसाची हजेरी गेली. काकूंना नंतर समजलं तेव्हा त्यांनाच वाईट वाटलं. "आधी बोलली असतीस तर सहा वाजता येऊन बसले नसते का गं मी?" म्हणाल्या.

तेव्हापासून मी मदत मागायची पद्धत बदलली. "वेळ पडली तर बघाल ना?" याला सगळेच हो म्हणतात, पण त्या होकारावर विसंबून पोस्टिंगला जाता येत नाही. नेमकं मागा. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी सहा ते नऊ, मूल आजारी असेल तरीसुद्धा. तिसरा मुद्दा मुद्दाम विचारा, कारण पाळणाघर तापलेलं मूल घेत नाही आणि काही नातेवाईकही घाबरतात. अशी दोन माणसं तरी हवीत, म्हणजे एक गावाला गेलं तर दुसरं असेल. मिस्टरांचा ड्युटीचा तक्ता हातात आला की त्याच दिवशी तुमच्या पोस्टिंगच्या तारखांशी लावून बघा. ज्या तारखांना दोघंही बाहेर, त्या तारखांना कोण येणार हे तेव्हाच ठरवून टाका. आणि युनिफॉर्म तीन शिवा.

आता थांबण्याबद्दल. धाकटी शाळेत जाऊ लागली की सोपं होईल असं मला वाटत नाही. शाळेच्या पहिल्या वर्षी मुलं सर्दी-तापाने जास्त आजारी पडतात, आणि शाळा सुटल्यावर कोण हा प्रश्न तेव्हाही असतोच. अशी दोन माणसं मिळत असतील तर आताच प्रवेश घ्या. एकही मिळत नसेल तर मात्र एक वर्ष थांबा आणि ते वर्ष माणसं जोडण्यात घाला. तुमच्या हुशारीचा यात काही संबंध नाही, सकाळी सहाला घरात एक मोठं माणूस लागतं एवढंच.

अंगावरचं दूध तोडायची घाई करू नका. काढलेलं दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. गरम हवेत मात्र ते थेट फ्रिजमध्येच ठेवायचं. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहायची सवय आतापासून लावा. वाटी-चमच्याने किंवा कपाने पाजायची सवयही आताच, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातून. तुम्ही समोर असताना ती कशाला घेईल? पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी इनचार्ज सिस्टरला सांगा की मला मधे दूध काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतील. मी लाजून सांगितलं नाही आणि गाठी होऊन तापाने दोन दिवस अंथरुणाला खिळले.

झोपेचं मात्र कळकळीने सांगते. मुलं निजल्यावर रात्री दोनपर्यंत वाचायचं असं सगळ्याच ठरवतात. मीही तेच करत होते. दुसऱ्या वर्षी एका सकाळी सलाईनचे थेंब लावायचे होते. १००० मिली ८ तासांत, सेट २० थेंबांचा (२० थेंबांचा एक मिली), म्हणजे १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला ४२ थेंब. मी ८ तासांचे ४ वाचले आणि ८३ लावायला निघाले. रुग्ण म्हातारे, हृदयाचे. शेजारी उभ्या सिस्टरने घड्याळाकडे बघत माझा हात धरला. ती ओरडली नाही, फक्त विचारलं, "किती वाजता झोपलीस?" सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखं घसरतं, हे १९९७ साली प्रयोगातून दाखवलं गेलं आहे. पहाटे पाचला उठलेली आई रात्री दहालाच तिथे पोचते. त्यापुढचं वाचन डोक्यात राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी जिवाशी खेळ होतो. मुलांबरोबर निजा. जमलं तर पहाटे पाऊण तास, नाही जमलं तर तेही सोडा.

मग अभ्यास होणार कधी? तुकड्या-तुकड्यांत, आणि पुस्तक मिटून. मानसशास्त्राच्या पेपरात तुम्हाला हर्मान एबिंगहाउस भेटेल, १८८५ चा, विस्मरणाचा आलेख काढणारा. तो परीक्षेपुरता पाठ करू नका, वापरा. आज वर्गात शिकवलेलं आज घरी जाताना एकदा, परवा एकदा, आठवड्याने एकदा, न बघता आठवून बघायचं. मी भांडी घासताना १२ क्रेनियल नर्व्ह, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसा, क्रमाने म्हणायचे, जिथे अडायचे तेवढंच रात्री उघडून बघायचे. औषधांची एकेक चिठ्ठी एप्रनच्या खिशात असायची, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला कृती, मात्रा, दुष्परिणाम, देण्याआधी काय तपासायचं. पुन्हा पुन्हा वाचून जे येत आहेसं वाटतं, ते व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तोंडातून बाहेर पडत नाही. केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा) आणि केस स्टडी साठवू नका. माहिती वॉर्डातच टिपा आणि त्याच दिवशी कच्चं लिहून काढा. ज्या मुलींचं जर्नल, म्हणजे या लेखी कामाची वही, सबमिशनच्या आदल्या रात्री पुरं होतं, त्यांचं सगळ्यांत जास्त बिनसतं.

आणि बालआरोग्याचा अर्धा पेपर तुमच्या घरात रांगतोय. माझी मुलगी झोपली की तिच्या पोटावर नजर ठेवून मी पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद, हे मी तिथेच शिकले. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर बाळाचा आकडा कसा चुकतो, तेही तिथेच कळलं. वाढीचे टप्पे, लसीकरण, वजनाचा तक्ता, सगळं आधी अनुभवलेलं असतं. वर्गातल्या अठरा वर्षांच्या मुलींना जे रटावं लागतं, ते तुम्ही सहज सांगाल.

वॉर्डातून घरी आल्यावर मुलं धावत येतात, आणि नेमकं तेव्हाच त्यांना जवळ घ्यायचं नसतं. हे मला फार जड गेलं. शेवटी मुलाला काम दिलं. साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, तर तो बाथरूमच्या दाराबाहेर उभा राहून मोठ्याने साठपर्यंत मोजायचा. सुरुवातीला एकोणतीसनंतर तो थेट पन्नासवर जायचा आणि मी आतून परत मोजायला लावायचे. वर्ष संपेपर्यंत त्याला साठपर्यंत न चुकता येऊ लागलं. कपडे बदलून मी बाहेर आले की मग मिठी. युनिफॉर्म वेगळ्या पिशवीत, वेगळा धुवायचा.

हिपॅटायटिस बी हा रक्तातून पसरणारा यकृताचा आजार, आणि वॉर्डात सुया-रक्ताशी रोजचा संबंध; त्याची लस पूर्वी झाली आहे का, ते या आठवड्यात बघा. झाली नसेल तर डॉक्टरांशी बोलून लगेच सुरू करा. आज पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. म्हणजे कॉलेज सुरू होईपर्यंत दोन झालेले असतील. बाळ अंगावर पीत असलं तरी ही लस घेता येते.

शेवटचं म्हणजे, कॉलेज सुरू व्हायच्या आधी एक आठवडा खरोखरची तालीम करा. पहाटे उठा, तयार व्हा, मुलांना त्या दोन माणसांकडे सोपवा आणि सातच्या आत घराबाहेर पडा. दुपारपर्यंत परतू नका, वाचनालयात बसा. तालमीचा आठवडा मात्र मिस्टरांच्या रात्रपाळीचाच निवडा. कोणत्या दिवशी कुठे अडलं ते लिहून ठेवा आणि मला कळवा, त्यावर आपण पुढचं बोलू.