तिसऱ्या दिवसाच्या उलट्या

ताई, माझ्या सासूबाई ५४ वर्षांच्या आहेत. ब्रेस्टचं ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे, लाल औषधाच्या दोन झाल्या. केमोच्या दिवशी काहीच होत नाही, घरी येऊन चहा पण घेतात, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून जे सुरू होतं ते तीन दिवस. मी फोडणी टाकली की त्या बाथरूमकडे पळतात. उलटीची गोळी दिलीये, ती उलटी झाली की देतो, कधीकधी गोळीच बाहेर येते. डॉक्टरांना सांगूया म्हटलं तर म्हणतात राहू दे, केमो म्हटली की उलट्या होणारच, उगाच त्यांनी औषध कमी केलं तर काय करायचं. – एक सून, मखमलाबाद

आधी सासूबाईंच्या मनातलं बोलू. उलट्या होतात म्हणून सांगितलं तर डॉक्टर पहिल्यांदा उलटीचं औषध बदलतात, वाढवतात, कॅन्सरचं औषध लगेच कमी करत नाहीत. मी कॅन्सर वॉर्डात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली, तिथे सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटायचं की बाई चार दिवस उपाशी राहून यायची आणि डॉक्टरांनी कसं आहे विचारलं की म्हणायची बरं आहे. मग तिच्या कागदावर बरं आहे असंच लिहिलं जायचं आणि पुढच्या वेळी तीच औषधं, तसेच चार दिवस.

आता तिसऱ्या दिवसाचं. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ते सायक्लोफॉस्फामाइडसोबत देतात आणि ही जोडी उलट्यांच्या बाबतीत सगळ्यात जोरदार औषधांत मोडते, सिसप्लॅटिन नावाचं केमोचं औषध पण तसंच. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाला त्रास बराच कमी असतो, म्हणून शेजारच्या बाईला काही झालं नाही आणि मलाच का असं मनात आणू नका, औषधच वेगळं असतं. पहिल्या २४ तासांतली उलटी मुख्यतः आतड्यातून सुटणाऱ्या सेरोटोनिनमुळे होते, तिथे ऑनडॅनसेट्रॉन ही नेहमीची उलटीची गोळी छान काम करते. पण दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंतची जी उलटी असते तिच्यामागे मेंदूतलं सबस्टन्स पी नावाचं दुसरं रसायन जास्त असतं, तिथे एकटी ऑनडॅनसेट्रॉन कमी पडते. म्हणजे तुमची गोळी खराब नाहीये, ती एकटी पडलीये.

या जोडीसाठी साधारण चार औषधं मिळून देतात. ऑनडॅनसेट्रॉन किंवा त्याच जातीचं पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड, सबस्टन्स पीला अडवणारं अ‍ॅप्रेपिटंट आणि ओलान्झापिन. अ‍ॅप्रेपिटंटच्या तीन कॅप्सूलचं पाकीट येतं, पहिली १२५ मिलिग्रॅमची केमोच्या तासभर आधी आणि पुढचे दोन दिवस ८० ची एकेक. तुमच्या चिठ्ठीवर यातलं काय आहे ते बघा आणि जे नाही ते सासूबाईंना का नाही हे सरळ विचारा, विचारण्यात काही उद्धटपणा नाही. ओलान्झापिनबद्दल एक सांगते, ते मूळचं मानसिक आजाराचं औषध आहे, घरचे मोबाईलवर वाचतात आणि घाबरून बंद करतात. उलटीसाठी ते थोड्याच दिवसांपुरतं असतं आणि मळमळीवर फार चांगलं चालतं. झोप खूप येते हा त्रास असतो म्हणून रात्री देतात, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनीच २०२४ मध्ये दाखवून दिलं की १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमनेही तेवढंच काम होतं आणि गुंगी कमी येते. तेव्हा सासूबाई दिवसभर झोपून राहतात असं झालं तर गोळी आपल्या मनाने थांबवू नका, डोस कमी करता येईल का विचारा.

आणि उलटी झाल्यावर गोळी, हे उलटं होतंय. गोळी घड्याळावर द्यायची, चिठ्ठीवर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे दिवस, बरं वाटत असलं तरी. गोळी तरीही बाहेर पडत असेल तर जिभेवर विरघळणारी पण मिळते, ती मागून घ्या. ऑनडॅनसेट्रॉनने पोट साफ होत नाही आणि तीन दिवस संडासला झालं नाही की त्यानेच मळमळतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, तेव्हा तेही डॉक्टरांना सांगा. डेक्सामेथासोन सकाळी खाऊन घ्यायचं नाहीतर रात्रभर झोप नाही, आणि सासूबाईंना शुगर असेल तर त्या दिवसांत वाढते, तपासत राहा.

सासूबाईंना अजून दोन गोष्टी विचारा, गरोदरपणी डोहाळे कडक होते का, म्हणजे उलट्या खूप झाल्या का, आणि एसटीत गाडी लागते का. एकाचंही उत्तर हो असेल तर केमोच्या उलट्यांचा धोका वाढतो, आणि ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून कोणी सांगत नाही. कालनिर्णयच्या चौकोनात रोज किती उलट्या झाल्या, किती वाजता, काय पोटात राहिलं एवढं लिहून ठेवा आणि ते पान घेऊनच पुढच्या वेळी जा.

आता फोडणी. खरं तर वासाचंच जास्त असतं, गरम अन्नाचा वास उठतो, थंड अन्नाचा तेवढा उठत नाही. म्हणून ते चार दिवस स्वयंपाक त्या झोपलेल्या असताना किंवा बाहेर गच्चीत बसलेल्या असताना उरका, कांदा-लसणाची फोडणी त्या दिवसांत नकोच, आणि जेवण कोमट किंवा गार द्या. मऊ भात मेतकूट, लाह्या, भाजलेला पापड, राजगिऱ्याचा लाडू, अर्धी वाटी पेज, असं दर दोन-अडीच तासांनी थोडंसं. ताट वाढून समोर ठेवू नका, भरलेलं ताट बघूनच उमासे येतात. पाणी जेवणासोबत नको, मधल्या वेळात दोन-दोन घोट. आपल्या नाशिकची द्राक्षं नीट धुवून फ्रीजरमध्ये घट्ट करून एकेक चोखायला द्या, तोंडात लोखंडासारखी चव असते ती जराशी जाते, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील तर कच्ची फळं डॉक्टरांना विचारूनच. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी चमचा दिलात तरी त्या चवीत फरक पडतो. आणि एक मनापासून सांगते, त्यांना आवडते म्हणून त्या चार दिवसांत पुरणपोळी करू नका. उलटीच्या दिवसांत खाल्लेल्या पदार्थाची पुढे किळस बसते, ती कधीकधी वर्षानुवर्षं जात नाही. आवडीचं पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

मी ५८ वर्षांचा, सिन्नरजवळ राहतो. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने दादर आणि मग परळला केमोला जातो, चार झाल्या. आता इगतपुरी सोडली की ढवळायला लागतं, परवा मुलाने घरी हाताला सॅनिटायझर लावलं तर त्या वासानेच उलटी झाली. अजून औषध गेलेलंही नसतं. बायको म्हणते मन घट्ट करा. माझं मन कच्चं आहे का? – एक वाचक, सिन्नर

नाही दादा, अजिबात नाही. पावलोव्हच्या कुत्र्याचं शाळेत शिकलो तेच हे, घंटा वाजली की लाळ. तुमच्या मेंदूने पंचवटी, घाट, सॅनिटायझर आणि उलटी यांची गाठ बांधून टाकलीये, तुम्ही ठरवून केलेलं नाही त्यामुळे ठरवून थांबणारही नाही. वहिनींना हे वाचून दाखवा, त्या काळजीनेच म्हणतात पण तुम्हाला ते लागत असणार.

ही मळमळ एकदा बसली की नेहमीच्या गोळ्यांना फारशी दाद देत नाही. डॉक्टरांना आधीच सांगा की प्रवासातच सुरू होतं, ते आदल्या रात्रीसाठी आणि सकाळसाठी लोराझेपामची, म्हणजे मन शांत करणारी, छोटी गोळी देतात, ती त्यांच्याकडूनच, कोणाच्या घरात उरलेली नको. आणि आधीच्या केमोनंतरच्या उलट्या नीट आटोक्यात आल्या तर ही गाठ पण हळूहळू सैल पडते, म्हणून घरी आल्यावरचं औषध चुकवू नका. बाकी सवय मोडायची. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करता आला तर बघा, नाहीतर गाडीतली बसायची जागा बदला, कानात आवडीचं भजन, रुमालात लिंबाची फोड, निघताना रिकामं पोट नको पण भरलेलंही नको. उरलेल्या केमो नाशिकमध्येच एखाद्या दवाखान्यात घेता येतील का हेही परळच्या डॉक्टरांना विचारून बघा, घाटच टळला तर निम्मं काम झालं.

आईला आलेपाक आणि शेजारच्यांनी सांगितलेला गुळवेलीचा काढा देऊ का? आणि दवाखान्यात कधी न्यायचं? मी एकटाच असतो घरी. – सिडको

आलेपाकाची वडी, आल्याचा थोडा चहा चालेल, मळमळ थोडी कमी होते पण गोळीच्या जागी नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर आल्याच्या कॅप्सूल, पावडर नको. गुळवेल नकोच, तिच्यामुळे लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत आणि केमोत लिव्हरवर आधीच ताण असतो.

दवाखान्याचं असं बघ बाळा. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी अगदी कमी आणि गडद होत असेल, उठल्यावर चक्कर येत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, पोट फुगून दुखतंय आणि गॅसही सरत नाही, यातलं एकही झालं तर लगेच निघायचं. दवाखान्याचा रात्रीचा नंबर आजच विचारून फ्रीजवर चिकटव. आणि ताप १००.४ झाला तर उलटी असो नसो, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि इन्फेक्शन काही तासांत अंगभर पसरू शकतं, रात्री दोन वाजले असले तरी रिक्षा करून निघ.